मॉन्टसेरातच्या आजीबाई

लंडनच्या उत्तर भागातील आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपली की लगतच्या सभागृहात चहापान होते. वसईहून येऊन आम्हा उभयतांना फार दिवस झाले नव्हते. आमचे आडनाव कानी पडताच एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंनी आम्हांला थांबवले. "तुम्ही भारतातले ना? मग आडनाव पोर्तुगीज कसे?" १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, ही हकीकत आम्ही थोडक्यात सांगितली आणि त्यांचे आडनाव विचारले. ते अस्सल आयरिश निघाले! आजीबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

त्या मॉन्टसेरातच्या. कॅरिबियन समुद्रातील हे बेट जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचे. १४९३ साली कोलंबसने बार्सिलोनानजीकच्या पवित्र मारियेच्या तीर्थस्थानावरून त्याला हे नाव दिले. १६३२ पासून तेथे आयरिश कॅथलिक येऊन राहिले. इंग्रजांच्या वसाहतींत धर्मापायी जाच सोसलेली ही माणसे. पुढे त्यांच्यातीलच काही जण उसाच्या मळ्यांचे मालक झाले आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून राबवून घेऊ लागले. हे वाक्य लिहिताना आमचा हात जड होतो. परंतु आजीबाईंनी ते अगदी सहजपणे सांगितले. मालकाचे आडनाव गुलामाला चिकटले, ते नातवंडांपर्यंत आले.

१७६८ साली गुलामांनी उठावाचा बेत केला आणि दिवस निवडला १७ मार्च, संत पॅट्रिकचा. मालक मंडळी त्या दिवशी मद्याच्या धुंदीत असणार, हा हिशेब. बेत फुटला आणि पुढाऱ्यांना फासावर चढवण्यात आले. १९८५ पासून त्या बेटावर १७ मार्चला सार्वजनिक सुट्टी असते. आजीबाईंना आम्ही विचारले, "तुम्ही तो दिवस संताचा मानता की फाशी गेलेल्यांचा?" त्या म्हणाल्या, "सकाळी मिस्सा संताची, दुपारी रस्सा सगळ्यांचा." हा रस्सा म्हणजे 'गोट वॉटर'. नावात पाणी असले तरी आत बोकडाचे मटण आणि लवंगेचा घमघमाट असतो. एका मार्चमध्ये त्यांनी आमच्या घरी डबा भरून आणला होता. आमच्या सौभाग्यवतींनी त्यात थोडे तिखट वाढवले, ते मात्र आजीबाईंना कळू दिले नाही.

त्यांची आई कापूस वेचायची. बेटाच्या दक्षिणेकडील गावात डोंगर उतारावर त्यांचे लाकडी घर होते. १९८९ च्या ह्यूगो वादळात त्याचे छप्पर उडाले, ते पुन्हा घातले. आई वारली, ती गावातल्याच दफनभूमीत पुरली.

१८ जुलै १९९५ रोजी शतकानुशतके निजलेला सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडील लोकांना उत्तरेस हलवले गेले, काही दिवसांनी परत पाठवले. डिसेंबरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, एप्रिल १९९६ मध्ये, निघाले ते कायमचे. माणसे शाळांत, चर्चमध्ये दाटीवाटीने राहू लागली. उत्तरेकडे कसायला पुरेशी जमीन नव्हती, म्हणून काही शेतकरी धोका पत्करून जुन्या शेतांवर जात राहिले. २५ जून १९९७ रोजी तप्त राखेचा लोंढा डोंगरावरून खाली आला आणि १९ जणांचा बळी गेला. पुढे प्लिमथ ही राजधानी राखेखाली गाडली गेली. बेटावरील सुमारे दोन तृतीयांश लोक देशोधडीला लागले. आजीबाई लंडनला आल्या. पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व बेटवासीयांना मिळाले ते २००२ साली.

एका वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चहा घेताना आम्ही सहज बोलून गेलो, की वसईत आता थडग्यांना चुना लावला असेल, २ तारखेला फुले, मेणबत्त्या सारे झाले असेल. आमच्या आईच्या थडग्याची व्यवस्था भाऊ पाहतो. आजीबाई बराच वेळ कपाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा गाव सोडले तेव्हा आईच्या थडग्यावर जाऊन निरोप घेतला. दुसऱ्यांदाही घेतला. तिसऱ्यांदा गेले नाही. म्हटले, दोनदा परत आलो, आताही येऊच. उगाच किती वेळा निरोप घ्यायचा?"

तो भाग आजही निषिद्ध क्षेत्रात मोडतो.

पुढच्या वर्षी आम्ही भावाला पत्र धाडले, की मृतांच्या दिवशी आईशेजारी आणखी एक मेणबत्ती लाव आणि मिस्सेत वाचायच्या यादीत हेही नाव दे. त्याने ते केले. रात्री त्याचा फोन आला. "फादर विचारत होते, ही बाई कुठल्या आळीतली?"

आम्ही बेटाचे नाव सांगितले. त्याला ते दोनदा सांगावे लागले.