घाट आणि घर

छंद हा ज्याचा त्यानें एकट्यानें करावयाचा असतो, असा एक समज आहे. ज्याच्या घरांत नऊ माणसें आहेत त्याला हा समज फार दिवस बाळगतां येत नाहीं. पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्याचें एका वहींत भागतें. बुद्धिबळाला एक पाट पुरतो. परंतु ज्याला लहानशी आगगाडी चालवावयाची आहे त्याला जागा लागते, आणि एकत्र कुटुंबांत जागा ही पैशाहूनहि दुर्मिळ वस्तु आहे.

माझी गाडी आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा प्लायवुडच्या फळीवर धांवते. खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाची ती प्रतिकृति; दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर; वीज अवघी बारा व्होल्टची. या छंदाविषयीं ज्यांना कुतूहल असेल त्यांनीं कोथरूड येथें १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें छोट्या रेल्वेंचें संग्रहालय अवश्य पाहावें. माझ्या फळीवर मात्र एक वर्तुळ, एक स्टेशन आणि मालगाडीसाठीं एक फाटा एवढेंच मावतें. पहिलें वर्ष आनंदांत जातें. मग लक्षांत येतें, कीं आपली गाडी जेथून निघते तेथेंच परत येते. तिनें कोठें तरी जावें असें वाटूं लागतें. आणि पुण्याच्या माणसाची गाडी जाणार कोठें? मुंबईला! पण मुंबई-पुणें अंतर १९२ किलोमीटर. त्याला ८७ नें भागिलें तरी दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग लागेल. तेव्हां मुंबईचा नाद सोडून मीं बोरघाटावर समाधान मानावयाचें ठरविलें.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्यांत ३७ फुटांत एक फूट इतका तीव्र चढ होता, आणि डोंगराच्या अरुंद सोंडेवर गाडी वळविण्यास जागा नव्हती. म्हणून इंजिनियरांनीं तेथें ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधलें. गाडी चढून येई, थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडलें जाई, आणि आतांपर्यंत शेवटचा असलेला डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढूं लागे. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती.

माझी अडचणहि जागेचीच होती. या मापाची गाडी अर्धवर्तुळांत फिरवावयाची तर तीन फुटांहून अधिक रुंदीची फळी हवी. मागेंपुढें करून चढवावयाची तर फूटभर रुंदीची पुरते. मात्र लांबी हवी. दहा फुटांची भिंत धरली आणि तीन फूट सपाट स्टेशनाला दिले, तर उरलेल्या सात फुटांत गाडी जेमतेम सव्वादोन इंच चढते. उलट फिरून आणखी तितकीच. अशी मोकळी भिंत आमच्या घरांत एकच होती, आणि ती दादांच्या खोलींत होती.

दादा म्हणजे माझे थोरले बंधु. रेल्वेंत चौतीस वर्षें गार्ड होते. गेल्या भाद्रपदांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा अडखळूं लागली. त्यांतच पुतण्याचें बारावीचें वर्ष, आईचे गुडघे आणि औषधांचीं बिलें. घरांत बोलणें कमी झालें होतें आणि भांडीं अधिक वाजत होतीं.

मीं गोष्ट काढतांच वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्या भिंतीशीं त्यांची खाट आहे. रात्रीं दोनदां उठवावें लागतें त्यांना. करवतीचा भुसा, गोंदाचा वास, हें सगळें तिथें आणायचें? आणि खर्च?”

त्यांचा एकहि शब्द खोडून काढण्यासारखा नव्हता. खर्चासाठीं मीं माझा जुना कॅमेरा विकणार होतों, एवढेंच सांगितलें.

एका रविवारीं मी नकाशा घेऊन दादांकडे गेलों. ज्याच्या खोलीचा प्रश्न त्याला विचारावें, इतकाच हेतु. त्यांनीं कागद पुष्कळ वेळ पाहिला. मग डावा हात उचलून उताराच्या मधोमध बोट टेंकविलें. “कॅच... सायडिंग,” ते म्हणाले.

औषध, पाणी आणि नको, यांखेरीज तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेले ते पहिले शब्द होते. वहिनी दारांत उभ्या होत्या.

घाट उतरतांना एखाद्या गाडीचे ब्रेक न लागले तर ती बाजूच्या चढावर वळून आपोआप थांबावी, यासाठीं काढलेल्या फाट्याला हें नांव आहे. तेथील सांधा एरव्हीं त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी थांबून ताब्यांत असल्याची खात्री पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे फिरवितात. माझा सारा विचार चढण्याचा होता. दादांनीं आयुष्यभर तो घाट उतरलाहि होता.

दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं अटी सांगितल्या. करवत अंगणांतच चालेल. फळी बिजागरीची असावी, म्हणजे खाटेजवळ जातांना भिंतीला मिटतां येईल. पुतण्याच्या अभ्यासाच्या वेळीं गाडी बंद. दोन खोल्यांच्या मध्यें छातीइतक्या उंचीवर एक जुना झरोका होता. त्यांतून रूळ नेले, म्हणून भिंतहि फोडावी लागली नाहीं.

बिलें अजून येतात. परीक्षा व्हावयाचीच आहे. दादांचा उजवा हात आहे तसाच आहे. पण संध्याकाळीं सात वाजतां ते खाटेवर उठून बसतात, आणि कॅच सायडिंगच्या सांध्याचें बटण त्यांच्या डाव्या हाताशीं असतें. मी कितीहि घाई केली तरी गाडी पूर्ण थांबल्याखेरीज ते सांधा फिरवीत नाहींत. मूळ घाटांत पंचवीस बोगदे होते. आमच्या भिंतीवर तीन मावतील. त्यांसाठीं कागदाचा लगदा लागतो, म्हणून आई हल्लीं रद्दी विकूं देत नाहीं.