कावडीविना

मूल वाढविण्याची विद्या ही मूळची हातांची विद्या आहे, आणि डोळस मातांना याची जाणीव राहत नसेल तर ती एवढ्याचसाठी की, त्यांची नजर हातांच्या आधी मुलापाशी पोहोचते व झालेल्या कामाचे सारे श्रेय घेऊन मोकळी होते. मी जन्मांध, माहेर सौंसरचे, सासर पांढुर्ण्याचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेल्या आणि २०२३ साली मिळून एक स्वतंत्र जिल्हा झालेल्या या दोन तहसिलींतच माझा संसार झाला. आणि आमच्या मुलखात तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्याची जी जुनी रीत आहे, ती तर माझ्यासारखीसाठीच कुणी योजून ठेवली असावी असे मला वाटत आले आहे. पाटावर बसून पाय लांब करावेत, नडग्यांच्या मधल्या खोलगट जागी मूल निजवावे, पाण्याचा कढतपणा मनगटाच्या आतल्या अंगाने अजमावावा, कपाळावर तळहात आडवा धरून पाणी डोळ्यांत उतरू देऊ नये. मुलाचे सर्वांग आपल्या अंगाला लागलेले असल्यामुळे त्याने अंग आखडले, हुंदका भरला, शिंकेच्या बेतात आले, हे सारे ते घडण्याच्या आधीच कळते. पहिल्या बाळंतपणात आईने मला हे शिकविले, आणि शिकविण्याआधी तिने स्वतः डोळे मिटून एकदा न्हाऊ घालून पाहिले होते, असे तिने पुढे बोलता बोलता सांगितले. धुरीची शेगडी मात्र मी कधी हाताळली नाही. ते खाते सासूबाईंकडे होते, कारण धीटपणा आणि आगाऊपणा यांमधली सीमा अंधाने डोळसापेक्षा अधिक काटेकोरपणे आखून घ्यावी लागते.

मूल रांगू लागले की पायांत वाळे येतात, आणि इतरांच्या घरी जो अलंकार असतो तो माझ्या घरी बातमीदार झाला. घुंगरांच्या आवाजावरून अंतर, वेग, इतकेच नव्हे तर हेतूही ओळखता येतो. उंबरठ्याकडे निघालेले मूल आणि पाण्याच्या हंड्याकडे निघालेले मूल सारखे वाजत नाही. पण धाकट्याने वर्षभरातच शोध लावला की वाळा मुठीत धरून सरकले तर माय फसते, आणि तेव्हापासून मी आवाजापेक्षा आवाज नसण्याकडे अधिक लक्ष देऊ लागले. औषधांच्या बाटल्यांना दोऱ्याच्या गाठी मारल्या, तापाच्या औषधाला एक, खोकल्याच्याला दोन. पाजण्याच्या पिचकारीच्या दांड्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाशी पतीकडून खाच पाडून घेतली, म्हणजे नखाला ती लागताच हात थांबावा. ताप मानेच्या मागे ओठ लावून कळतोच, तथापि बोलणारा तापमापक आल्यापासून माझ्या ओठांची एकटी साक्ष घरात कुणी ग्राह्य धरीत नाही, आणि ते योग्यच आहे.

याहून विलक्षण गोष्ट मुलांनी माझ्याबाबतीत आपण होऊन केली. बोलता येण्यापूर्वी मूल हवी ती वस्तू बोटाने दाखविते. माझी दोन्ही मुले आजीला बोट दाखवीत, आणि माझा मात्र हात धरून तो त्या वस्तूवर नेऊन ठेवीत. हे त्यांना कुणी शिकविले नव्हते. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील आत्सुशी सेंजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंध पालकांच्या पाच तान्ह्या मुलांचा अभ्यास करून २०१३ साली असे मांडले की, ही मुले दुसऱ्याच्या नजरेच्या रोखाकडे थोडे कमी लक्ष देतात, परंतु त्यांच्या संवादाच्या वाढीत उणेपणा येत नाही. पाच मुलांवरून जगाचा निकाल लावता येत नाही, हे मान्य. तरी माझ्या ओसरीवर जे घडले त्याला कुठेतरी दुजोरा आहे, याचा संतोष मी लपवीत नाही.

अडचण मुलांपेक्षा लोकांची अधिक. जामसावळीला निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला गेलो की, माझ्या शेजारून चालणाऱ्या मुलीला पाहून कुणीतरी बाई हमखास म्हणते, "पोरगी नाही हो, श्रावणबाळच हाये." बोलणाऱ्या बाईच्या मायेविषयी मला शंका नाही, पण आपल्या पुराणांनी अंध आईबापांची जी मोठी चित्रे रंगविली त्यांत श्रावणाचे मायबाप कावडीत बसलेले आहेत आणि धृतराष्ट्र पुत्रमोहात बुडालेला आहे, अंध माणूस मुलाला वाढवितो आहे, असे चित्र आमच्या हाती कुणी दिलेच नाही. त्याच जातीचा प्रश्न मला एका कचेरीत दाखल्यासाठी अर्ज करताना विचारण्यात आला: "बच्ची को सँभालता कौन है?" मी "मी" म्हटले, तर साहेबांनी तोच प्रश्न माझ्या मुलीला पुन्हा विचारला. २०१० साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात एका अंध दांपत्याची नवजात कन्या पालक अंध आहेत एवढ्या कारणावरून सरकारने ताब्यात घेतली आणि ५७ दिवसांनी परत केली, हे जेव्हा ऐकले तेव्हा आमच्या कचेरीतला प्रश्न मला त्या मानाने सौम्य वाटला. अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडू नये असे संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारात लिहिले आहे, त्यावर भारताने २००७ सालीच मान्यतेची मोहोर उठविली आहे. परंतु कराराची प्रत टेबलापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो.

म्हणून मी घरात एक शिरस्ता घातला. माझे पत्र मुलीने वाचायचे नाही, बाजारात मोड मोजून घ्यायची नाही, रस्त्यात मला ओढून न्यायचे नाही. पुढे माझी काठी चालेल, आणि तिने हात धरावा तो माझ्या आधाराला नव्हे, स्वतःच्या हौसेला. वाचणाऱ्यांची तजवीज मी वेगळी केली: पूर्वी शेजारचे निवृत्त गुरुजी, आता बोलणारा फोन. १८८१ साली अमरावतीकडे जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेले गुलाबराव महाराज गृहस्थाश्रमी होते आणि ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेत. पण त्यांचे वाचक प्रौढ शिष्य होते, आपखुशीने आलेले. मुलाला तशी निवड नसते. सात वर्षांची पोर आईचे डोळे झाली की तिचे स्वतःचे पाहणे कुणी करायचे?

अभ्यास घेताना मात्र आमची बरोबरीची लढत असे. मी सौंसरहून छोट्या रेल्वेगाडीने नागपूरला शिकायला जात असे (ती गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली), आणि तेथे पाटी-कलमाने भारती ब्रेल शिकले, जी १९५१ पासून साऱ्या देशाला एकच आहे. तीत 'कि' लिहिताना आधी क, मग इ, उच्चाराच्या क्रमाने. डोळसांची पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढून नंतर वाचायची, ही उलटी रीत मुलीने मला माझ्या तळहातावर बोटाने गिरवून समजावली, आणि व्याकरणात मी तिला चुका काढून दाखविल्या. हे वाचून दाखविणे नव्हे. ही देवघेव होती.

धाकट्याची गोष्ट निराळी, कारण तो पांढुर्ण्याचा मुलगा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात, आणि त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड व त्यावरचा झेंडा मध्ये ठेवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. ही गोटमार माझ्या घरापर्यंत ऐकू येते. त्याचा बैल ओसरीवर होता तोवर मला काळजी नव्हती; यंदा त्याने बैल फळीवर ठेवला आणि विचारले, "माय, पुढच्या साली मी पुलावर जाऊ?" शेजारणी म्हणाल्या, तुला दिसत नाही, तू कशी परवानगी देतेस? त्या पुलावरच्या गर्दीत मूल घरी बसल्या कोणत्या आईला दिसते, हे मी त्यांना विचारले नाही. मामासोबत जा, काठाशी उतरू नकोस, आणि आल्यावर काय पाहिलेस ते मला सांगावेसे वाटले तरच सांग, असे मी त्याला म्हटले. सांगण्याची अट त्याला मान्य झाली. मामाची मात्र अजून झालेली नाही.