नकाशावरचं माणूस

घरातलं माणूस बाहेर पडलं की मागे राहिलेल्याच्या जिवाला घोर लागतो, हे काही मोबाइल आल्यावर सुरू झालेलं नाही. माझे आजोबा कोकणातून मुंबईला आले की 'सुखरूप पोचलो' असं कार्ड टाकत आणि ते कार्ड गावी पोचेपर्यंत चार दिवस उलटत. आजी ते वाचत असे तेव्हा इकडे आजोबा तापाने फणफणलेले असण्याचीही शक्यता होतीच. तरी कार्ड आलं की तिचा जीव भांड्यात पडे. पुढे नाक्यावरचा पीसीओ आला. 'पोचलो, ठेवतो' एवढंच बोलायचं, तेही मीटरच्या लाल आकड्यांवर नजर ठेवून. मग मोबाइल आला आणि त्यात आपण आपली खास युक्ती काढली, मिस्ड कॉलची. 'डोंबिवलीला उतरलास की एक रिंग दे.' रिंग वाजायची, कुणी उचलायचं नाही, पैसे पडायचे नाहीत आणि घरात भाताचा कुकर चढायचा.

कार्ड काय, पीसीओ काय, मिस्ड कॉल काय, कळवणं जाणाऱ्याच्या हातात होतं. त्याने कळवलं तर कळायचं. उशीर झाला तर तो घरी येऊन सांगायचा, आणि सांगताना थोडं मीठमसाला लावायचा, थोडं गाळायचा. ऐकणारीलाही ते गाळलेलं बऱ्याचदा कळत असे आणि तीही ते सोडून देत असे. संसारात ही सोडून देण्याची जागा फार मोलाची असते असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलं आहे.

माझी लेक वाकडला राहते. जावई हिंजवडीत नोकरीला, जाणंयेणं बाइकवर. दोघांनीही गूगल मॅप्सवर एकमेकांना आपलं ठिकाण कायमचं उघडं करून ठेवलं आहे. तिथे 'बंद करेपर्यंत' असा पर्यायच असतो, तो निवडलेला. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा संध्याकाळी कणीक मळता मळता तिने कोपराने फोन जागा केला आणि म्हणाली, "भूमकर चौकात अडकलाय. पंधरा-वीस मिनिटं लागतील. बॅटरी अकरा टक्के." बॅटरीसुद्धा दिसते हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, अगं, फोन करून विचारावं ना. ती म्हणाली, "आई, तो बाइकवर आहे. फोन वाजला की गाडी बाजूला घेणार, हेल्मेट काढणार. कशाला?"

हे उत्तर खोडण्यासारखं नाही. रात्रपाळीच्या मुलींच्या घरच्यांना तर असं काही हवंच. २००७ साली पुण्यात कॉल सेंटरमध्ये कामाला असलेल्या एका मुलीला तिला न्यायला आलेल्या कॅबच्या चालकानेच साथीदाराच्या मदतीने मारलं, तेव्हापासून रात्री कॅबमध्ये बसणाऱ्या किती मुलींच्या आया जाग्या राहिल्या असतील. त्यांना त्या वेळी नकाशावर सरकणारा ठिपका मिळाला असता तर त्यांनी त्याची पूजा केली असती. तेव्हा या सोयीला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण ठिपका दिसतो तितका पक्का नसतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून वीसेक हजार किलोमीटर वर फिरतात. त्यांतल्या निदान चारांचे संदेश मिळाले की फोन आपली जागा ठरवतो. मे २००० पर्यंत अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांसाठीचे हे संदेश मुद्दाम बिघडवून ठेवत असे, ते थांबल्यावर जागा नेमकी कळू लागली. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून येतात, घरात शिरलं की फोन टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधतो. म्हणून ठिपक्याभोवती ते फिकट वर्तुळ असतं: माणूस यात कुठेतरी आहे. त्या वर्तुळाकडे कुणी बघत नाही. समोरच्या लॉजवर ठिपका पडला म्हणून भांडणं झालेली मी ऐकली आहेत, माणूस अलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा. वीस हजार किलोमीटरवरच्या यंत्रावर विश्वास आहे, घरच्या माणसाच्या 'निघाले'वर नाही!

आमच्या बँकेच्या शाखेतल्या एका मैत्रिणीचं सांगते. बँक सुटली की ती ठाण्याला यायची आणि लगेच गाडी पकडायची नाही. फलाटावरच्या स्टॉलवरून एक वडापाव घ्यायची, बाकावर बसून सावकाश खायची, एखाददुसरी गाडी सोडून द्यायची. मोबाइलही बघायची नाही. मागे बँक, पुढे घर, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची दहावी. या दोन्हींच्या मधली ती पंधरा मिनिटं कुणाचीच नव्हती. दोघा नवराबायकोंनी ठिकाण उघडं केलं त्याला आठवडाही झाला नसेल, ती बाकावर बसलेली असताना नवऱ्याचा फोन आला, "ठाण्यालाच का थांबलीयस गं? काय झालं?" माणूस वाईट नाही, खरोखर काळजीनेच विचारत होता. ती म्हणाली, "काही नाही." आणि काही नाही हेच खरं होतं, पण या उत्तराने कुणाचं कधी समाधान झालंय? दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, जरा वेगळ्या सुरात. मग तिने बसणं सोडलं. पहिल्या गाडीला लोंबकळत जायला लागली. वडापाव घरी नेते, सगळ्यांसाठी.

लपवण्यासारखं तिच्याकडे काय होतं? 'लपवायचं नसेल तर भ्यायचं कशाला' असं म्हणणारे लोक इथे नेहमी चुकतात. तिचं गेलं ते गुपित नव्हतं. न सांगण्याइतकी क्षुल्लक अशी स्वतःची एक गोष्ट होती, तिचा खुलासा द्यावा लागला आणि खुलासा द्यावा लागल्याबरोबर ती संपली. दोघांचाही ठिपका दिसतो, मग बरोबरी झालीच की, असंही म्हणतील. नवऱ्याचा ठिपका टपरीजवळ तासभर हलत नसतो, तेव्हा त्याला फोन जात नाही. मित्रांबरोबर असेल, एवढ्यावर विषय मिटतो.

गंमत अशी की जे आपण प्रेमाने मागतो ते सरकारला आरोपीकडूनही मागता येत नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती, की त्याने गूगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील असं करावं. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट काढून टाकली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येणार नाही, त्याने राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो, असं त्यांनी सांगितलं. हा हक्क २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने मान्य केलेला. अर्थात तो आपण सरकारविरुद्ध सांगतो. स्वयंपाकघरात कलम एकवीस कोण काढणार?

आणि घरातल्या बाईच्या ठिकाणाचा प्रश्न याच मुंबईत एकदा थेट कोर्टात गेला होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं, पण त्या राहिल्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: लग्नाची बायको आहे, माझ्या घरी नांदायला पाठवा. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर तो पुन्हा उभा राहिला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद पत्करेन. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोटला काम केलं. नांदायला बोलावण्याचं कलम १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही नऊ क्रमांकाने आहे, ते नवराबायको दोघांनाही वापरता येतं.

तेव्हा भांडण होतं बायकोने कुठे असावं याचं. आता आपण फक्त ती कुठे आहे एवढंच बघतो आहोत, त्यात सक्ती कुठली, असं वाटू शकतं. पण माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत 'कुठे आहे'वरून 'कुठे असावं'वर यायला दोन फोन पुरले. कोर्ट नाही, दावा नाही, कुणी आवाजही चढवला नाही.

मग खरंच संशय घेण्यासारखं काही असेल तर? जोडीदाराचं बोलणं चोरून टिपल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलंच होतं. भटिंड्याच्या एका नवऱ्याने घटस्फोटाच्या दाव्यात बायकोशी झालेल्या बोलण्याची गुपचूप केलेली ध्वनिमुद्रणं दिली. १४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने ती पुरावा म्हणून ग्राह्य धरली. अशाने हेरगिरीला उत्तेजन मिळेल, या आक्षेपावर न्यायालयाचं म्हणणं साधारण असं पडलं, की दोघं एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील तर तो संसार आधीच मोडकळीला आलेला आहे. मला ते पटतं. संशय आला असेल त्याला ठिपका काय सांगणार? ठिपका वाशी सांगतो, वाशीत कोणाबरोबर ते सांगत नाही. उलट संशय नव्हता तिथे बघत राहायची सवय मात्र लावतो.

आमच्या घरी आम्ही दोघं व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन वापरतो. तिथे पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास एवढेच पर्याय आहेत. नवरा रात्री साताऱ्याला गाडी घेऊन निघाला की खंबाटकी घाटाची मला धास्ती असते, तेव्हा मी मागते आणि तो आठ तासांचं पाठवतो. मुदत संपली की आपोआप बंद. पुन्हा हवं असेल तर पुन्हा मागावं लागतं, आणि मागताना आज कशासाठी मागतोय हे आपलं आपल्याला दिसतं. कधी कधी मागायला गेलेला हात तिथेच थांबतो. लेकीला हे सांगितलं तर तिला हसू आलं. "रोज रिन्यू करायचं? पार्किंगचा पास आहे का?" मी म्हटलं, हो, तसंच समज.

मागण्यावरून एक आठवलं. देवनारच्या लोकसंख्या संस्थेकडे देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीचं काम असतं. त्या पाहणीत विवाहित बायकांना नवऱ्याच्या वागण्याबद्दल काही प्रश्न विचारतात: परपुरुषाशी बोललं तर रागावतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरच्यांशी संबंध कमी ठेवायला लावतो का. त्यातच एक प्रश्न आहे, तुम्ही कुठे आहात हे सतत कळलंच पाहिजे असा हट्ट धरतो का. उत्तर 'हो' आलं तर ते नवऱ्याचं बायकोवर ताबा ठेवणं म्हणून मोजलं जातं. २०१९ ते २०२१ च्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात शंभरात चोपन्न निघाल्या. ही संख्या वाढत जाणार, आणि वाढलीच पाहिजे. आता त्यांतल्या एखादीचं ठिकाण नवऱ्याच्या फोनवर 'बंद करेपर्यंत' उघडं आहे असं धरा. त्याला हट्ट धरायची गरजच उरलेली नाही. पाहणीवाली दारात येऊन तो प्रश्न विचारील तेव्हा ही बाई अगदी मनापासून सांगेल, "नाही हो, ते कध्धी विचारत नाहीत." आणि टॅबवर 'नाही' नोंदलं जाईल.