दैवाचा वाटा

जालन्याच्या एमआयडीसीत लौकिक सळयांच्या कारखान्यांचा; परंतु ज्या शहरात बद्रिनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली, तेथे बीजपरीक्षणाचा व्यवसायही तितक्याच निष्ठेने चालतो, आणि त्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला द्विपद संभाव्यता ही दाणे रुजत घालण्याच्या ओल्या कागदाच्या गुंडाळीत उलगडणारी विद्या वाटते.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी, असा दंडक आहे. उमेदवारीसाठी आलेल्या मुलांना त्याचा अर्थ सांगताना मी सूत्र बाजूस ठेवून फळ्यावर वृक्षाकृती काढावयास लावतो. पहिल्या दाण्याच्या दोन फांद्या, रुजला 0.7 आणि न रुजला 0.3, प्रत्येकीच्या टोकाशी दुसऱ्या दाण्याच्या दोन, त्यांच्या टोकांशी तिसऱ्याच्या दोन, अशा आठ वाटा होतात. एका वाटेवरचे आकडे गुणावयाचे आणि समान फळाच्या वाटांची बेरीज करावयाची. दोन रुजले नि एक राहिला, अशा वाटा तीन. प्रत्येकीचे मोल 0.147, एकूण 0.441. तिन्ही रुजण्याची संभाव्यता मात्र 0.343च. वाटांची 1, 3, 3, 1 ही गणती म्हणजे पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात विशद केलेल्या मेरुप्रस्ताराची एक ओळ. तेथे लघु-गुरूंची निवड, येथे अंकुराची.

प्रत्यक्ष चाचणीला शंभराचे चार संच, म्हणजे 400 दाणे लागतात. त्यांचा वृक्ष कोणत्याच फळ्यावर मावणार नाही. तथापि बियाण्याचा लॉट खरोखर 70 टक्क्यांचा असूनही एका संचात 65 व दुसऱ्यात 75 दाणे का रुजतात, हे त्या तीन दाण्यांवरून उमगलेले असते. शंभराच्या संचात प्रमाण विचलनच साडेचार दाण्यांहून किंचित अधिक. म्हणून सरासरी 70 असता सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान संचांतील 18 पर्यंतची तफावत आंतरराष्ट्रीय नियम ग्राह्य मानतात, आणि ती ओलांडली की फेरचाचणीचा हुकूम होतो.

कारण आकृतीचे एक गृहीतक आहे: प्रत्येक दाण्याचे दैव शेजाऱ्याहून स्वतंत्र असावे. बुरशी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरली, किंवा एका गुंडाळीला ओल कमी लागली, की हे स्वातंत्र्य संपते आणि तफावत वाढते. निव्वळ दैवाने किती चढउतार व्हावा, याची रुजवात आधी घातली असेल तरच उरलेल्याचा जाब बुरशीला, कागदाला वा परीक्षकाच्या हाताला विचारता येतो; एरवी निर्दोष लॉट नामंजूर होतात आणि सदोष लॉट शेतकऱ्याच्या पेरणीत जातात.