निचऱ्याचा रकाना

मंगळवार, 9 जुलै 2024, कोल्हापूर

नेमबाजीच्या रेंजवर तीन मिनिटांच्या कामाला आज नऊ मिनिटं लागली. अकरावीतल्या पोरीची एअर रायफल 100 बारवर आली होती, ती कॉम्प्रेसरने 200 पर्यंत भरायची. काटा 150 पर्यंत नेहमीसारखा चढला आणि मग म्हातारं माणूस जोतिबाच्या पायऱ्या चढतं तसा, थांबत, दम खात. पोरगी नेमबाजीचं जाड जाकीट घालून शेजारी उभी. "काका, बंद पडला काय?" म्हटलं, पडला नाही, रुसलाय.

कॉम्प्रेसर दिसायला बुटाच्या खोक्याहून थोडा मोठा, उचलायला दळणाच्या डब्यासारखा जड. मोटारसायकलच्या टायरात 2 बार हवा असते, हा तिच्या शंभरपट दाब देतो. एका दमात एवढं दाबता येत नाही, म्हणून आत दोन टप्पे. मोठा पिस्टन हवा साधारण चौदापट दाबतो, बारका तीच हवा पुन्हा चौदापट. 14 चा वर्ग 196. आयटीआयमध्ये 31 वर्षं फिटरची पोरं शिकवली, पण एवढा बारका पिस्टन कधी हाताळला नव्हता. पेन्सिलीएवढा.

शुक्रवार, 12 जुलै

रेंजच्या मॅडमनी विचारलं, "नवाच घ्यायचा का?" मी म्हटलं, आधी दुखणं कुठलं ते कळू दे.

साबणाचं पाणी करून ब्रशने सगळ्या जोडांना लावलं. एकही बुडबुडा नाही. म्हणजे बाहेर गळत नाही. मग रायफल काढून ठेवली, होजच्या तोंडाला बंद बूच लावलं आणि बोट स्विचवर ठेवूनच यंत्र सुरू केलं. होजमध्ये जागा ती केवढी! यंत्र धडधाकट असेल तर काटा बघता बघता 200 ला जातो, आणि बोट हललेलं असलं तर त्याच्याही पुढे. आज तिथेसुद्धा तो 150 नंतर रेंगाळला.

यंत्र थांबवून दहा मिनिटं काट्याकडे बघत बसलो. जागचा हलला नाही. म्हणजे शेवटची झडप ठीक. भरलेली हवा मागे येत नाही, मुळात पुढेच कमी जाते. संशय पिस्टनच्या रिंगवर.

शनिवार, 13 जुलै

उघडला. त्याआधी दाब पूर्ण सोडला, काटा शून्यावर आल्यावरही निचऱ्याचा स्क्रू उघडाच ठेवला, वायर भिंतीतून काढली. पोरांना चार हात लांब उभं केलं. हवा दिसत नाही, त्यामुळे तिची भीती वाटत नाही. धोका तिथेच आहे.

बारक्या पिस्टनवरचं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं. पाणी शिरलंय. ओरिंग एका अंगाने चपटी, कडेला काळी भुकटी. पाण्याने ग्रीस धुतलं, मग रिंग कोरडी घासली आणि झिजली. सिलिंडरच्या आत उजेडात डोकावून पाहिलं, ओरखडा दिसला नाही. नशीब.

एक पोरगा घरून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन आला होता. भाबडं पोर. त्याला विचारलं, डिझेल इंजिनात स्पार्क प्लग असतो का? "नाही." मग डिझेल पेटतं कसं? थोडा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हवा दाबून तापते म्हणून." तेच इथे. साध्या तेलाची वाफ आणि दाबलेली तापलेली हवा एकत्र आली तर यंत्राचाच फटाका. इथे सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच. बाटली त्याने गुपचूप दप्तरात टाकली.

मंगळवार, 16 जुलै

शिवाजी उद्यमनगरात गेलो. ओळखीच्या टर्नरकडे ओरिंगांची बरणी असते, मापाची मिळाली. तो म्हणाला, "मास्तर, मापाची हाय, पर ही पंपाची. तुमच्या दाबाला टिकायची न्हाई." मला घाई. संध्याकाळी बसवली. पहिली रायफल झकास भरली, दुसरी बरी, तिसऱ्याला काटा पुन्हा 150 वर.

काढून पाहिली तर रिंगेच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. पंपाची रिंग 70 कठीणपणाची, इथे 90 ची लागते. मऊ रबर दाबाखाली फटीत घुसतं आणि कातरलं जातं. म्हणून तर मूळ पिस्टनवर ओरिंगेच्या पाठीला टेफ्लॉनची पातळ चकती दिलेली असते. टर्नरने आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. सुट्या भागांचा संच मागवला.

बुधवार, 17 जुलै, आषाढी एकादशी

रेंज बंद. घरी जुन्या तव्यावर हवा कोरडी करणारे सिलिका जेलचे मणी परतत बसलो. कोरडे असले की नारिंगी, ओलावा प्याले की हिरवे. हिने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एकादशीला साबुदाणा हिरवा कधीपासून करायला लागलात?" तवा वेगळा ठेवलाय, त्याला स्वयंपाकघरात परत प्रवेश नाही.

मणी गार होईपर्यंत हिशेब मांडला. 25 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ मावते. आपल्याकडचा जुलै म्हणजे त्या कमालीच्या आसपासच. रायफलीच्या सिलिंडरची जागा 200 मिलिलिटर, 100 वरून 200 बारला न्यायला बाहेरची 20 लिटर हवा ओढावी लागते. तिच्यात जवळपास अर्धा ग्रॅम पाणी. दाबलेल्या हवेला ते धरवत नाही, गार होताच सोडते. एका रायफलीमागे आठ-नऊ थेंब. नऊ रायफली भरल्या तर चमचाभर, तेही दाण्याएवढ्या झडपांच्या वाटेवर.

म्हणून तर निचऱ्याचा स्क्रू. दर दोन रायफलींनंतर उघडायचा, फुस्स करून पाणी बाहेर. रेंजच्या वहीत त्यासाठी रकाना मीच आखलाय. वही पिशवीत होती, चाळली. शनिवार, 6 जुलै. निवड चाचणीचा दिवस, नऊ रायफली ओळीने भरल्या. दाब लिहिलाय, वेळ लिहिलीय. निचऱ्याचा रकाना नऊच्या नऊ ओळी कोरा. अक्षर माझंच.

शनिवार, 20 जुलै

संच आला. रिंग, टेफ्लॉनची चकती, तांब्याचा नवा वॉशर. जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, तिथे कंजूषपणा केला नाही. गाळणीतला कापूस पिवळा पडला होता, बदलला. बंद बूच लावून चाचणी घेतली, काटा सरळ 200. मॅडमना 6 तारखेचं पानही दाखवलं. त्या वाचून म्हणाल्या, "पोरांना हे मी सांगू की तुम्ही?" मीच सांगितलं.

गुरुवार, 25 जुलै

पंचगंगा चढतेय. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी, सगळ्यांच्या फोनवर तोच आकडा. रेंजवर लाईट नाही, पोरंही दोनच. जीपच्या बॅटरीवर कॉम्प्रेसर लावला. मोटर कण्हतच फिरू लागली, तारा गरम. 300 वॅटला 12 ने भागलं की 25 अँपिअर. एवढा करंट बारीक, लांब तारेतून न्यायला गेलं की व्होल्ट वाटेतच सांडतात. तार आखडली, जीपचं इंजिन सुरू ठेवलं, चिमट्यांवरचा गंज घासला. आवाज लगेच मोकळा झाला. यंत्रात दोष नव्हता, त्याला पोटभर मिळत नव्हतं.

रविवार, 28 जुलै

पॅरिसहून बातमी. मनू भाकरला 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्य. पोरं फोनला चिकटलेली. तेवढ्यात एकाची तक्रार: "काका, 200 भरली होती, आता 188 दाखवतेय. गळतेय." हात लावून बघ म्हटलं. सिलिंडर कोमट होतं. भरताना हवा तापते, निवली की काटा थोडा उतरतो. गळती असती तर निवल्यावरही उतरत राहिला असता. तासाभराने पाहिलं, 188 च.

त्याच्याच मित्राची जुनी, विकत घेतलेली रायफल मात्र भरली नाही. सिलिंडरवर 2012 ची तारीख, आणि बनवणाऱ्याने मुदत दहा वर्षांची दिलेली. पोरगा हिरमुसला. त्याच्या वडिलांना फोन केला. सिलिंडर नवं घ्या, मग सांगाल तेव्हा भरतो.

गुरुवार, 1 ऑगस्ट

स्वप्नील कुसाळे! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य, 451.4 गुण. रेंजवर नुसता दंगा. त्याच्या रायफलीत काडतूस असतं, तिला आमच्या हवेची गरज नाही, पण आज हा फरक कोण ऐकून घेतोय? संध्याकाळी सगळ्यांना एकदम सराव हवा. रायफल भरायला रांग लागली, आठजण. घाईचा दिवस, अगदी 6 जुलैसारखा. दुसऱ्या रायफलीनंतर मी यंत्र थांबवलं. रांगेतून "ओ काका" असं लांबलचक आलं. स्क्रू उघडला. फुस्स.

शुक्रवार, 2 ऑगस्ट

कालची नोंद वहीत नीट उतरवली. रायफली 8. दाब प्रत्येकी 200. वेळ सरासरी 3 मिनिटं. चार रायफलींनंतर यंत्राला 20 मिनिटं विश्रांती. निचरा 4 वेळा.