मॅडमना गाडी गाठायची आहे

तर झालं असं, की तीन महिन्यांपूर्वी मी आयुष्यात पहिल्यांदा क्लायंटसमोर डेमो दिला. अगदी एकटीने नाही, शेजारी मॅनेजर होता, टीममधला एक मुलगा होता. पण लॅपटॉप माझा, मॉड्यूल माझं आणि बोलणारीही मीच. पाच महिने त्या मॉड्यूलपायी एक शनिवार धड मिळाला नव्हता. पहाटे पाचला वाकडहून कॅब, साडेआठला मुंबई, कडक इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, काळी ट्राउझर, बंद शूज... सगळं कसं एकदम टापटीप. आणि डाव्या मनगटावर दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं स्मार्टवॉच. पावलं मोजणारं, झोप मोजणारं, काही विचारलं नाही तरी सांगणारं.

डेमो सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला मनगट थरथरलं. नजर गेली. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. 'टँकर आला का?' परत थरथरलं. 'बी विंगला अजून पाणी नाही.' परत. 'सेक्रेटरी फोन उचलत नाहीत.' चौथ्यांदा नजर खाली गेली, तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले त्यांच्याकडचे सगळ्यात सिनिअर गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडमना गाडी गाठायची आहे वाटतं. घरी वाट बघत असतील!"

सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

गंमत म्हणजे आमच्या टीममधल्या त्या मुलाचा फोन पूर्ण वेळ टेबलावर उताणा पडला होता आणि तो दर पाच मिनिटांनी त्यात डोकावत होता. त्याला कुणी गाडी गाठायला लावली नाही. तो 'बिझी' होता. मी 'घरी जायच्या घाईत' होते. यावर मला बरंच बोलता येईल, पण आज विषय घड्याळाचा आहे.

परतीच्या वाटेवर, एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलमध्ये वडापाव खाता खाता मॅनेजर म्हणाला, "कन्टेंट चांगला होता. पण तू घाईत वाटलीस. पुढच्या फेजचा डेमो त्याला देऊ या का?" घास घशातच अडकला. म्हटलं, एकदा मला अजून बघू दे. तो म्हणाला, "बरं, बघू." आमच्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

आता तुम्ही म्हणाल, नोटिफिकेशन्स बंद कर की! एवढं काय त्यात? मीही तेच केलं. पण मग दुसरीच गोष्ट लक्षात आली. हात स्थिर असला की त्याचा स्क्रीन झोपतो. वेळ बघायची तर मनगटाला झटका देऊन त्याला उठवायचं. म्हणजे समोरच्याला स्पष्ट दिसतं की बाई घड्याळ बघतेय. स्क्रीन कायम चालू ठेवायची सोय माझ्या मॉडेलमध्ये नव्हती. फोन बघावा तर ते त्याहून वाईट. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर मला इंटरप्ट नको होता, पोलिंग हवं होतं. मला हवं तेव्हा मी विचारीन, तू आपणहून बोलायचं नाहीस. आणि असं यंत्र माणसाने केव्हाच बनवून ठेवलंय. त्याला साधं घड्याळ म्हणतात. :-)

मग काय, इंजिनिअर असल्यामुळे आधी एक्सेल शीट उघडली.

बिझनेस कॅज्युअल हा एकूणच घोळाचा प्रकार आहे. सूट-टाय असला की सगळं ठरलेलं असतं, आणि जीन्स-टीशर्टवर काहीही चालतं. मधल्या या अवस्थेत मात्र टाय नाही, कोट नाही, दागिने बेताचे, गळ्यात आयकार्डाची दोरी. मग माणसाबद्दल काही सांगणारं उरतं काय? बूट आणि घड्याळ. त्यामुळे जाडजूड, तीन-तीन छोट्या तबकड्यांचं, पाणबुड्याला शोभेल असं घड्याळ कॉटनच्या शर्टावर उगाच ओरडतं. आणि हिरेजडित सोनेरी साखळी म्हणजे थेट लग्नाचा हॉल. हवं ते या दोन्हींच्या मधलं.

आठवडाभर वाचून जे हाती लागलं ते थोडक्यात असं. एक, नुसता तबकडीचा व्यास बघायचा नाही. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर बघायचं. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलं की घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं. माझं मनगट 15 सेंटिमीटर, म्हणजे 36 मिमीच्या आसपासचं घड्याळ ठीक. दोन, जाडी. शर्टाच्या कफखाली सहज सरकलं पाहिजे, दर वेळी बाही ओढत बसायला नको. तीन, तबकडी साधी, काटे ठळक, तारखेची खिडकी असली तर बरं. चार, चामड्याचा पट्टा बुटांच्या रंगाच्या जवळचा. पाच, मागे '30 मीटर वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून तीस मीटर खोल उडी मारायची नाही. त्याचा अर्थ एवढाच, की हात धुताना पाणी उडालं तर चालेल. (हा आकडा वाचून माझा एक मित्र घड्याळासकट स्विमिंग पूलमध्ये उतरला होता. असो.)

चावीचं की सेलचं, हा प्रश्न मी दोन मिनिटांत निकाली काढला. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा ओळखीचा वाटला ना? दोनाचा पंधरावा घात! पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. इतकं सुंदर डिझाइन बघितल्यावर मी आणखी काय तुलना करणार? अशी पहिली मनगटी घड्याळं जपानच्या सायकोने 25 डिसेंबर 1969 ला बाजारात आणली. साधं क्वार्ट्झ महिन्याला साधारण पंधरा सेकंद इकडेतिकडे होतं. माझ्या एस्टिमेट्सपेक्षा कितीतरी बरं.

शीट घेऊन शनिवारी लक्ष्मी रोडवर गेले. दुकानात पाय ठेवला, तर काका म्हणाले, "लेडीज तिकडे." तिकडे म्हणजे गुलाबी तबकड्या, खडे, बांगडीसारखी कडी आणि नख कापल्यावर पडतो तेवढे काटे. 36 मिमीचं साधं काही दाखवा म्हटलं तर म्हणाले, "ते जेन्ट्समध्ये येतं. मिस्टरांसाठी का?"

बाहेर येऊन उसाचा रस प्यायले तेव्हा जरा डोकं थंड झालं. आणि आठवड्याच्या वाचनातलीच एक गोष्ट आठवून हसू आलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जायचा. पुरुषाने खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचं, मनगटावर बांधलं की लोक हसायचे. मग 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. ठरलेल्या मिनिटाला खंदकातून बाहेर पडायचं, हातात बंदूक, अशा वेळी खिशातून घड्याळ कोण काढत बसणार? सैनिकांनी ते मनगटाला बांधलं आणि परत आल्यावरही सोडलं नाही. म्हणजे मुळात हे आमचंच, ते तुम्ही नेलंत आणि आता आम्हाला विचारता, मिस्टरांसाठी का!

रविवारी वाईला घरी गेले. डोक्यात एक वेगळाच प्लॅन होता. बाबांकडे एचएमटीचं 'जनता' आहे, 1993 साली आजोबांनी लग्नात जावयाला दिलेलं. तोवर टायटन घरोघर पोचलं होतं, पण आजोबा पक्के एचएमटीवाले. पांढरी तबकडी, निळसर काटे, 35 मिमी. मला हवं तसं! शिवाय सरकारने जानेवारी 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. बापाचं घड्याळ लेकीच्या हातावर, कसलं भारी दिसेल! सिनेमात असतं तसं बाबा डोळे पुसत मनगटावरून काढून देतील वगैरे.

"बाबा, हे मला द्याल?"

"आणि मी काय घालू?"

झालं. सिनेमा संपला. बाबा रोज सकाळी सातच्या बातम्यांना त्याला चावी देतात. ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं, ते अर्धा मिनिट पुढे करतात. बत्तीस वर्षं हा करार चालू आहे. त्यात मी कोण लुडबुड करणारी?

आई आतून सगळं ऐकत होती. ती एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पण तुला घड्याळ हवंय कशाला अचानक?" मग तिला डेमोचं सगळं सांगितलं. टँकर, गाडी गाठणं, हसणं, 'बघू'. तिने ऐकून घेतलं आणि आपला डावा हात पुढे केला. हाताच्या पाठीमागच्या बाजूला नुसता पट्टा. तबकडी आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथे.

आई घड्याळ असं घालते हे मी जन्मापासून बघत आलेय. तिच्या शाळेतल्या सगळ्या बाई असंच घालायच्या. मला वाटायचं, जुनी फॅशन असेल, किंवा काच जपायला असेल. कधी विचारलंच नाही.

"अगं, डाव्या हातात पुस्तक धरलं की हाताची आतली बाजू आपल्याकडेच असते. नुसती नजर खाली केली की वेळ दिसते. हात उलटा करून बघितलं ना, की पोरं लगेच दप्तरं भरायला घेतात. त्यांना वाटतं, बाईंना कंटाळा आला. तास संपायला दहा मिनिटं असली तरी तो तास तिथेच संपतो."

मग म्हणाली, "आपल्याला वेळ कळली पाहिजे. आपण बघितली हे समोरच्याला कशाला कळायला हवं?"

मी एक्सेल शीटमध्ये अकरा कॉलम केले होते हो. हा बारावा मला सुचलाच नव्हता!

पुढच्या शनिवारी पुन्हा लक्ष्मी रोड, दुसरं दुकान. सरळ जेन्ट्स काउंटरला गेले आणि मिस्टरांचा विषय निघायच्या आत सांगितलं, माझ्यासाठी हवंय. होसूरच्या कारखान्यातलं आपलं टायटनच घेतलं. 36 मिमी, पांढरी तबकडी, काळे काटे, काळा चामड्याचा पट्टा. पट्ट्याला दोन जादा भोकं पाडून घेतली. ऑफिसमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नाही. आधी जरा वाईट वाटलं, मग वाटलं, हेच तर हवं होतं.

एक व्यावहारिक सूचना, कुणी करून बघणार असेल तर. तबकडी आत घालून टाइप करायला बसलात तर काच लॅपटॉपवर घासते. पहिल्याच दिवशी कर्र असा आवाज आला आणि काळजात धस्स झालं. त्यामुळे डेस्कवर घड्याळ नेहमीसारखं, आणि मीटिंगला उठताना आतल्या बाजूला. आता हा हात धुण्याइतका सवयीचा भाग झालाय. स्मार्टवॉच टाकलं नाही हं, ते सकाळी पळायला जाताना असतंच. पावलं त्याने मोजावीत.

आणि हो, तो 'बघू' आमच्या बाजूने लागला. मागच्या महिन्यात दुसऱ्या फेजचा डेमो झाला. तीच खोली, तेच गृहस्थ टेबलाच्या टोकाला. डाव्या हातात नोट्सची वही धरली होती. सव्वा तासात मी किमान सात-आठ वेळा घड्याळ बघितलं. कुठल्या स्क्रीनवर किती रेंगाळायचं, कुठे पुढे सरकायचं, सगळं मिनिटांवर बसवलेलं होतं. प्रश्न आले, ते नीट ऐकले, उत्तरं दिली. शेवटची स्लाइड झाली तेव्हा त्या गृहस्थांनी बाही वर करून स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, एवढा वेळ झाला?"

'सरांना गाडी गाठायची आहे का?' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. तिसरी फेज अजून बाकी आहे.

रात्री घरी फोन केला. आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं, ती खूश झाली. मागून बाबांचा आवाज आला, "सेलचं आहे ना तिचं? सेल संपला की कळेल!"