न दुखणारी गांठ

अंगावर गांठ आली कीं, "मेदाची असेल, दुखत नाहीं ना? मग राहूं द्या," असें म्हणण्याचा आपणांकडे प्रघात आहे. तें बहुधा खरेंही ठरतें. अशा शंभर गांठींत एखादीच घातक निघते. आमच्या काकांच्या मांडींतील गांठ नेमकी तशी निघाली. २०१६ सालीं लिंबाएवढी असलेली ती आठ महिन्यांत पेरूएवढी झाली. पण दुखत नाहीं, हेंच काकांचें समाधान! अखेर एका शस्त्रवैद्यानें कसलेंही चित्र न काढवितां, मेदाची समजून, ती अर्ध्या तासांत काढून टाकली. काढलेला तुकडा तपासणीस गेला हें सुदैव. उत्तर आलें, 'सार्कोमा'.

अशी गांठ नुसती सोलून काढली असतां तिच्या पेशी आसपास मागें राहतात. म्हणून काकांस पहिल्याहून कितीतरी मोठी दुसरी शस्त्रक्रिया करवून घ्यावी लागली, व नंतर किरणोपचार. आमच्या मतें येथें घाई ही हयगयीइतकीच वाईट. वाढती, ५ सेंटिमीटरांहून मोठी किंवा स्नायूंत खोल असलेली गांठ, दुखो वा न दुखो, आधीं तिचें एम्. आर्. आय्. चित्र काढावें, मग जाड सुईनें तुकडा घ्यावा. तोही, पुढें जो शस्त्र धरणार त्याच्या सल्ल्यानें. कारण सुईची वाटसुद्धां कधीं कधीं गांठीबरोबर कापून काढावी लागते.

पूर्वीं अशा रोग्याचा हात किंवा पायच कापीत. १९८२ सालीं अमेरिकेंतील ४३ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत अवयव राखून किरणोपचार दिलेले रोगी, अवयव कापलेल्यांइतकेच जगले.